निळ्याच्या पलीकडचं ऊन

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या हातची सूचना लागते. ‘दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. ज्यांच्या घरी परीक्षा नाही, त्यांनीही ती असल्यासारखे वागावे.’ गेली कित्येक वर्षं मी ती वाचून पुढे जात होते. यंदा थांबून वाचली, कारण यंदा माझी मुलगी मैत्री दहावीला आहे. घर दबक्या आवाजात चाललंय. कुकरची शिट्टी झाली तरी मी ओशाळते. सकाळी अंगावर शाल लागते आणि अकरा वाजता गॅलरीच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो. कोपऱ्यावरच्या रसवंतीला घुंगरू बांधून झाले आहेत. नव्या गाइडांना छपाईचा उग्र वास आहे. मैत्री पाय हलवत, ओठ हलवत पाठ करत असते आणि मधेच मान वर करून विचारते, “आई, तुझी दहावी कशी गेली होती गं?”

“चांगली गेली होती,” मी सांगते.

मार्कांकडे पाहिलं तर ते खरंच आहे. पण माझ्या दहावीचा एकही पेपर माझ्या अक्षरात नव्हता. सगळ्या उत्तरपत्रिकांवर माझ्या बहिणीचं, विशाखाचं, गोल, जरासं उजवीकडे कललेलं अक्षर होतं. ती तेव्हा आठवीत होती. तिने माझी दहावी लिहिली, आणि ती तिला लिहावी लागली ती माझ्या हेव्यामुळे. हे मैत्रीला मी अजून सांगितलेलं नाही.

आम्ही तेव्हा बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहायचो. पप्पा सरकारी कचेरीत कारकून होते, आई घरी ब्लाउज शिवायची. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि त्याच फळीच्या दुसऱ्या टोकाला पप्पांचे, पोट उघडून ठेवलेले रेडिओ. बिघडलेले रेडिओ बोलते करणं हा त्यांचा एकमेव छंद. दर रविवारी सकाळी ते स्कूटर काढायचे आणि मागे मी बसायचे. बुधवार पेठेतल्या त्या हातभर रुंदीच्या दुकानांत सुट्या भागांच्या बरण्या असत. अंगावर आकड्यांऐवजी रंगीत पट्टे असलेले रेझिस्टर, चिमण्यांच्या अंड्यांसारखे दिवे. पप्पा एक चिमटीत धरून विचारायचे, “तपकिरी, काळा, लाल?” आणि मी पटकन सांगायचे, “एक हजार!” दुकानदार मान डोलवायचा. पप्पा काही बोलायचे नाहीत, पण परतताना स्कूटरवर शीळ घालायचे. ती शीळ माझ्यासाठी असे. विशू त्या वेळी घरी अंथरुणात लोळत असायची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, गणितात कच्ची, वेणी घालायला बसवलं की पळणारी. तिला रेडिओत काडीचा रस नव्हता आणि ते मला फार सोयीचं होतं. पप्पा माझे होते.

माझ्या दहावीच्या वर्षी थंडी सुरू झाली आणि विशूच्या उजव्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. आईला आधी खडू वाटला. तिने पदराने पुसला, मग ओल्या फडक्याने पुसला. पंधरा दिवसांत मधल्या बोटाच्या सांध्यावर दुसरा आला. शेजारच्या काकू ब्लाउज न्यायला आल्या होत्या, त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि हात मागे घेतला. “कोड आहे हे. दुधावर मासे खाल्ले असणार.”

“काकू,” पप्पा म्हणाले, “आमच्याकडे वीस तारखेनंतर दूधही नसतं आणि मासेही नसतात. योग जुळावा कसा?”

काकू हसल्या नाहीत. त्या गेल्यावर पप्पाही हसले नाहीत. त्या आठवड्यात फळीवरचा एकही रेडिओ बोलला नाही.

मंडईजवळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, त्वचेच्या डॉक्टर बसत. जिन्यात कोथिंबिरीचा आणि सडलेल्या कोबीचा वास भरलेला असे. दारावर पाटी होती: ‘चपला बाहेर काढाव्यात. हरवल्यास डॉक्टरांकडे चौकशी करू नये. त्या त्वचेच्या डॉक्टर आहेत.’ आईला शिवणाची घाई होती म्हणून त्या दिवशी पप्पांबरोबर मी गेले. डॉक्टरांनी विशूचा हात उजेडात पाहिला, वळवला, नखाने खरवडला, आणि आम्हाला आतल्या खोलीत नेलं. खिडकीवर काळं कापड, दाराच्या फटीला काळी पट्टी. दार लावल्यावर माझाच हात मला दिसेना.

“आता दिवा लावते. घाबरायचं नाही,” डॉक्टर विशूला म्हणाल्या. “दिवा आहे, मास्तर नाही.”

तो दिवा लागला की नाही हेच मला आधी कळलं नाही. उजेड असा नव्हताच. जांभळाच्या सालीसारखा काळसर रंग तेवढा हवेत उभा होता. मग एकेक वस्तू अंधारातून वर आली. डॉक्टरांचा कोट निळा पेटला. माझ्या ओढणीची पांढरी किनार, पप्पांच्या शर्टावर चिकटलेली दोऱ्याची बारीक तुसं, विशू तोंड उघडं टाकून बघत होती ते तिचे दात. आणि डॉक्टरांनी तिचा हात दिव्याखाली धरला तेव्हा पप्पांच्या तोंडून “अरे!” असं निघालं. उजेडात दोनच डाग होते. इथे सात-आठ होते. अंगठ्याच्या मुळाशी कोर, दोन सांध्यांवर दोन थेंब, मनगटाच्या हाडावर एक लांबट ठिपका, आणि ओठाच्या कडेला मोहरीएवढा एक. दुधात निळ्या शाईच्या पेनाचं टोक बुडवावं तशा रंगाचे, आतून उजळलेले.

“जिथे कातडीतला रंग गेलाय तिथे हा असा चमकतो,” डॉक्टर म्हणाल्या. “डोळ्यांना अजून दिसत नाहीत तेही डाग यात दिसतात. निळ्याच्या पलीकडचा प्रकाश आहे, अतिनील.”

पप्पांनी अंधारात चाचपून तिचं डोकं धरलं. “घाबरू नको बाळा,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “किती सुंदर दिसतंय बघ. चांदणं पडल्यासारखं.”

मी हळूच माझा हात विशूच्या हाताशेजारी सरकवला. तो वांग्यासारखा दिसत होता, काळपट आणि सुस्त. एकही ठिपका नाही.

“तुला काही नाही, तू काढ हात,” डॉक्टर म्हणाल्या.

वर्गातून बाहेर काढल्यासारखं झालं मला. तेरा वर्षांच्या पोरीला असा आजार निघाला होता ज्याचं नावसुद्धा लोक हळू आवाजात घेतात, आणि तिची पंधरा वर्षांची सख्खी बहीण शेजारी उभी राहून मनात म्हणत होती की, मीही चमकायला हवं होतं.

मागच्या रविवारची गोष्ट. मैत्रीने शाळेच्या प्रकल्पासाठी बुधवार पेठेतून अतिनील प्रकाशाची बोटाएवढी टॉर्च आणली. भर दुपारी पडदे ओढून ती घरभर हिंडली. ओट्याच्या फटीत रुतलेली हळद पिवळीजर्द पेटली. पिकलेल्या केळ्यावरच्या काळ्या ठिपक्यांना निळी कडी आली. तिच्या गणवेशाचा शर्ट दोरीवर भुतासारखा लोंबत होता. तेवढ्यात विशू आली. ती आता शिक्षण खात्यात अधिकारी आहे, पुण्याबाहेर असते, पण मैत्रीच्या परीक्षेसाठी मुद्दाम रजा टाकून आलीय. मैत्रीने तिला हाताला धरून न्हाणीघरात ओढलं, दार लावलं, आणि आतून ओरडली, “मावशी! काय भारी दिसतायत तुझे हात! चंद्राचे ग्लोव्हज घातलेत!” विशूचे हात आता मनगटापर्यंत पुरते पांढरे आहेत. दोघी आत खिदळत राहिल्या. मी बाहेर पोळीचं उलथनं हातात धरून उभी होते. माझा हात मैत्रीने बघितलासुद्धा नव्हता. इतकी वर्षं झाली, मुलगी माझी, घर माझं, आणि पोटात तोच ओळखीचा विंचू नांगी उभारून बसलेला.

तर तेव्हा. डॉक्टरांनी विशूला एक लोशन दिलं. एक दिवसाआड, डागांवर काडीने लावायचं आणि तेवढाच हात उन्हात धरायचा. सुरुवातीला एक मिनिट. “एक मिनिट म्हणजे एक मिनिट,” त्यांनी पप्पांना बजावलं. “हे औषध उन्हाला बोलावून आणतं. जास्त झालं तर भाजेल. बाकी अंगाला ऊन नको.”

पप्पांनी ते इतक्या निष्ठेने केलं की मला आजही ते डोळ्यांपुढे जसंच्या तसं दिसतं. साहेबांकडून उशिरा येण्याची परवानगी काढली. साडेनऊला ते आणि विशू गच्चीवर जात. विशू पाण्याच्या टाकीपाशी स्टुलावर बसे, हात गुडघ्यावर पालथा. पप्पा कचेरीच्या कपड्यांत तिच्यामागे उभे. एका हातात काळी छत्री, तिच्या चेहऱ्यावर सावली पडेल अशी कलती धरलेली, दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे. छत्रीची सावली तिच्या कोपरापर्यंत यायची आणि तिथून पुढे तिचा हात एकटा उन्हात. “चाळीस... पन्नास... झालं!” की पप्पा छत्री पुढे झुकवून हात झाकायचे. एका मिनिटाची दोन मिनिटं झाली, मग तीन. त्या मिनिटांत ते तिला गोष्टी सांगायचे. काय सांगायचे ते जिन्याच्या दारामागून मला ऐकू यायचं नाही, फक्त विशूचं हसू यायचं.

रविवारही गेले. विशू शाळेत जायला कुरकुरू लागली होती, म्हणून रविवारी सकाळी पप्पा तिला गणित शिकवायला बसू लागले. “तुझं तू करतेस, तू हुशार आहेस,” ते मला म्हणाले. हुशार असण्याचा इतका तोटा मला कधी झाला नव्हता.

ती शाळेला का कुरकुरत होती हे मला माहीत होतं. तिच्या बाकावरची मुलगी उठून दुसरीकडे बसायला गेली होती. मधल्या सुट्टीत विशू डबा घेऊन नळाजवळ एकटी उभी असायची, उजवा हात ओढणीच्या घडीत घालून डाव्या हाताने खायची. मी दहावीच्या वर्गाच्या खिडकीतून पाहिलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. मी खाली गेले नाही. मला वाटायचं, संध्याकाळी घरी गेल्यावर हिला सगळं मिळणारच आहे.

शाळेने अभ्यासाची सुट्टी दिली, परीक्षेला दहा दिवस उरले. तो शनिवार होता. पप्पा कचेरीत, आई ब्लाउज पोचवायला गेलेली, विशूची सकाळची शाळा. मी विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाचा धडा उघडून बसले होते. कपाटावर लोशनची तपकिरी बाटली होती. मी ती उतरवली, काडीला कापूस गुंडाळला आणि माझ्या उजव्या हातावर विशूचा हात काढला. अंगठ्याच्या मुळाशी कोर. दोन सांध्यांवर दोन थेंब. मनगटाच्या हाडावर लांबट ठिपका. बघायची गरज पडली नाही, मला तो नकाशा पाठ होता. मग गच्चीवर जाऊन त्याच स्टुलावर बसले, हात गुडघ्यावर पालथा ठेवून. साडेबारा वाजले असतील. डोक्यावर छत्री नव्हती, घड्याळही नव्हतं. किती वेळ बसले ते मला ठाऊक नाही. अर्धा तास तरी असेल. मला नक्की काय हवं होतं हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. डाग यावेत असं वाटत होतं का? वाटत असावं. किंवा कुणीतरी मागून यावं आणि “झालं, पुरे!” म्हणावं, एवढंच.

कुणी आलं नाही. हाताला काही झालंही नाही. मी खाली आले, साबणाने हात धुतला आणि हिरमुसून धडा पुढे वाचला.

रविवारी संध्याकाळी हात खाजू लागला. सोमवारी लाल झाला. मंगळवारी सकाळी उठले तर प्रत्येक ठिपक्याच्या जागी टपोरा फोड होता, द्राक्षासारखा, आणि बोटं मिटत नव्हती. “चहाचं पाणी सांडलं,” मी आईला सांगितलं. पप्पांनी लगेच स्कूटर काढली. विशूचीही त्याच दिवशी तारीख होती, म्हणून ती पुढे उभी राहिली आणि मी मागे. ठणका असा होता की डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी माझा गाल पप्पांच्या पाठीला टेकलेला होता आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

डॉक्टरांनी हात पाहिला आणि चष्मा वर केला. “पाण्याने असं भाजत नाही. पाणी ओघळतं. हे कुणीतरी नीट बसून काढलंय.” मग माझ्याकडे रोखून बघत, “औषध कुणी लावलं?”

भिंतीवरच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरून विशू म्हणाली, “मी लावलं.”

पप्पा वळले.

“ताई गच्चीवर वाचता वाचता झोपली होती. मी शाळेतून आले आणि लावलं. गंमत म्हणून.”

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही. “मी नव्हते झोपले,” हे तीन शब्द मला म्हणायचे होते. मी पंखा बघत राहिले.

पप्पांनी विशूवर कधी हात उगारला नव्हता, तेव्हाही उगारला नाही. जिना उतरताना फक्त म्हणाले, “तिची दहावी आहे विशाखा. औषध म्हणजे खेळणं वाटलं तुला?” घरी आल्यावर बाटली कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप. “परीक्षा होईपर्यंत हे बंद. मला वेळ नाही.” छत्री खुंटीवर लटकली ती लटकलीच.

आणि मग मला हवं ते सगळं मिळालं. हात बँडेजमध्ये, म्हणून पप्पा मला भात कालवून भरवायचे. पानं उलटून द्यायचे, धडे मोठ्याने वाचून दाखवायचे. लेखनिकाच्या परवानगीसाठी तीन दिवस या कचेरीतून त्या कचेरीत हिंडले. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा होता. शेजारच्या मुलाच्या आईने नकार दिला, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची स्वतःची परीक्षा होती. शेवटी विशूच उरली. “अक्षर तरी चांगलं आहे तिचं,” पप्पा म्हणाले. तिच्याशी त्या महिन्यात ते जे काही बोलले त्यातलं हे सगळ्यात गोड वाक्य. ती दारात उभी राहून पप्पा मला भरवताना बघायची. मी घास खायचे आणि ती बघतेय हे मला माहीत असायचं. घासाला त्यामुळे चव यायची. इतकी वाईट मी होते.

परीक्षेला आम्हाला प्रयोगशाळेशेजारची वेगळी खोली दिली. पर्यवेक्षक बाईंनी विशूला सांगितलं, “हे बघ, तू फक्त हात. डोकं तिचं.”

“बरं,” विशू म्हणाली. “माझं डोकं तसंही आठवीतलंच आहे.”

बाईंच्या ओठांची कड हलली. मग त्यांची नजर विशूच्या हाताकडे गेली. शाळेत ओढणीत लपवायची तो हात तिने इथे सरळ माझ्या कोऱ्या उत्तरपत्रिकेवर ठेवला होता. बाईंनी खुर्ची हातभर मागे घेतली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. विशूने मान वर केली नाही, पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघत बसली. नळाजवळ ती रोज काय गिळत होती ते मला त्या क्षणी, इतक्या जवळून, पहिल्यांदा दिसलं.

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. सहा दिवस. विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला, अतिनील किरणांचे उपयोग लिहा. मी दोन सांगितले, पाणी निर्जंतुक करणे, खोट्या नोटा ओळखणे. तिने लिहिले. तिसरा मी सांगेना. तिला बोलायची परवानगी नव्हती. ती पेन तसंच टेकवून माझ्याकडे बघत राहिली, शाईचा ठिपका कागदावर मोठा होत गेला. “त्वचेच्या विकारांवर उपचार,” मी शेवटी म्हणाले. ते वाक्य तिने इतकं सुरेख लिहिलं की मला त्या अक्षराचाही हेवा वाटला.

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही तिघं पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. माझ्या फोडांच्या जागी आता काळेभोर डाग राहिले होते. डॉक्टरांनी दोघींना अंधाऱ्या खोलीत नेलं, दिवा लावला, आणि आम्हा दोघींचे हात शेजारी शेजारी ठेवले. एकाच आकाराचे डाग. तिचे उजळलेले, माझे शाई सांडल्यासारखे काळे, दिव्यात आणखीच काळे. डॉक्टर विशूच्या हातावर वाकल्या. “गेल्या वेळी इथे कडेने रंगाचे ठिपके भरायला लागले होते. तिथेच थांबलंय. आणि हा नवा डाग. औषध चालू नाही?”

“सहा आठवडे बंद आहे,” अंधारातून पप्पांचा आवाज आला. “तिने त्याचा खेळ केला, म्हणून.”

“शिक्षा करायला औषधच सापडलं का तुम्हाला?” डॉक्टर म्हणाल्या.

कुणाचा चेहरा दिसत नव्हता. फक्त विशूचा हात चमकत होता. मी म्हणाले, “मी लावलं होतं. ती नव्हती. मीच लावलं.”

मग डॉक्टरांनी दिवा बंद केला आणि साधा लावला. त्या पांढऱ्या उजेडात आम्ही तिघंही डोळे मिचकावत होतो.

खाली मंडईत गवारीच्या आणि कैऱ्यांच्या ढिगांमधून पप्पा आणि विशू पुढे चालत होते, मागे पिशवी धरून मी. अचानक, गर्दीच्या मध्येच, पप्पा थांबले. एक बाई टोपली घेऊन त्यांच्यावर आदळता आदळता राहिली. पप्पांनी विशूच्या समोर दोन्ही हात जोडले. “विशाखा, माझं चुकलं,” ते म्हणाले. “मी तुला विचारायला हवं होतं. मला माफ कर बाळा.” आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. विशूने घाबरून त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. “पप्पा, लोक बघतायत.”

लोकांचं सोडा. मी बघत होते. खरं बोलण्याचं धाडस मी केलं होतं, आणि त्या खऱ्याचं सगळं दान तिच्या पदरात पडलं होतं. जन्मात पप्पांनी मला कधी “माझं चुकलं” म्हटलं नव्हतं; माझ्याबाबतीत त्यांचं कधी चुकलंच नव्हतं. तरी मला रडू आलं, आणि ते फक्त हेव्याचं नव्हतं.

मला ते काही बोलले नाहीत. स्कूटरपाशी आल्यावर मात्र माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. “मागे नीट बस. त्या हाताने धरू नको, अजून हुळहुळा आहे.” मी वाट बघत होते त्या रागाची, तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी साडेनऊला छत्री खुंटीवरून निघाली.

पप्पा आता नाहीत. माझे काळे डाग दोन पावसाळ्यांत निवले, आता शोधूनही सापडत नाहीत. विशूच्या ओठाजवळचा ठिपका भरला, हातांचे नाही भरले. विशीत तिने औषध स्वतःहून थांबवलं. “कंटाळा आला,” एवढंच कारण दिलं.

परवा मैत्रीला तोंडी परीक्षेसाठी शाळेत सोडलं आणि विशू आणि मी तिच्या गाडीतून परत येत होतो. सिग्नल लागला. काचेतून ऊन थेट स्टिअरिंगवरच्या तिच्या पांढऱ्या हातांवर पडलं होतं. हा प्रश्न मी इतकी वर्षं का विचारला नाही कोण जाणे; कदाचित ‘तुझ्यासाठी केलं’ असं ती मोठेपणाने म्हणेल याची भीती होती आणि ते मला सहन झालं नसतं.

“विशू, तेव्हा डॉक्टरांकडे तू तुझं नाव का सांगितलंस?”

ती सिग्नलकडेच बघत होती. “त्या शनिवारी मी शाळेतून आले तर घराला आतून कडी नव्हती आणि तू नव्हतीस. म्हणून वर आले. जिन्याच्या दारातून दिसलीस, माझ्या स्टुलावर. हातावर माझे डाग काढून.”

“मग हाक का नाही मारलीस? भाजलं नसतं मला.”

“इतकं भाजेल हे कुठे कळत होतं मला! आणि...” मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, सिग्नल अजून लालच होता. “ताई, तेव्हा सगळे मला बरं करायला निघाले होते. पप्पा, आई, डॉक्टर, त्या काकूसुद्धा. शाळेत कुणी शेजारी बसत नव्हतं. आणि तू होतीस, वर्गात पहिली येणारी, आणि तुला माझ्यासारखं व्हायचं होतं. मी तिथे उभी राहून किती वेळ बघत होते तुला. इतका आनंद झाला होता मला. तुला पकडून कशी देणार होते?”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. डोळे पुसायला रुमाल सापडेना.

“तुला म्हणून सांगते,” मी म्हणाले, “मला अजून वाटतो तुझा हेवा. रविवारीसुद्धा वाटला, तुम्ही दोघी न्हाणीघरात हसत होतात तेव्हा.”

सिग्नल हिरवा झाला. विशूने गिअर टाकला.

“वाटू दे की,” ती म्हणाली. “थांबलीस तर मला करमायचं नाही.”